२७व्या आठवड्यात शुगर १५८ आली, आता बाळाचं काय?

तू लिहिलंस की ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांची शुगर १५८ आली, म्हणजे गरोदरपणातला डायबेटीस निघाला, डॉक्टर दोन आठवडे पथ्य करून मग इन्सुलिनचं बघू म्हणाले, आणि सासूबाईंना वाटतं की इन्सुलिन बाळाला बाधेल. बाळ डायबेटीस घेऊनच जन्मेल का, या धास्तीने तुला झोप नाही. माझा मुलगा आता १४ वर्षांचा आहे. त्याच्या वेळी मीही यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तुझी धास्ती. या शुगरमुळे बाळ डायबेटीस घेऊन जन्माला येत नाही. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण इन्सुलिन जात नाही. म्हणजे इंजेक्शन घेतलंस तर औषध तुझ्यापाशी राहतं, आणि बाळाकडे जाणारी जादा साखर कमी होते. सासूबाईंना हे एवढंच सांग. साखर जास्त गेली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवायला लागतं आणि त्यातून अंगावर चरबी साठते. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी हे १९५०च्या दशकातच मांडलं होतं.

नाळ कापली की साखर एकदम थांबते, पण बाळाचं इन्सुलिन अजून चढलेलंच असतं. माझ्या मुलाच्या टाचेला सुई टोचून बघितलं तर शुगर घसरून ३८. नर्सने त्याला लगेच माझ्या अंगावर लावलं, तासाभराने पुन्हा टोचलं, ५४. तो एक तास मी विसरलेले नाही. तू आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेव की जन्मल्यावर बाळाची शुगर कधी कधी तपासणार, आणि पहिल्या तासातच पाजायला घे.

आता पुढच्या आयुष्याचं. 'हापो' नावाच्या, ९ देशांत झालेल्या अभ्यासातली मुलं १०-१४ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईची शुगर गरोदरपणात जास्त होती, त्यांच्यातल्या शंभरातल्या दहा-अकरा मुलांना साखर नीट पचत नव्हती. बाकीच्यांत हे प्रमाण पाच होतं. लक्षात घे, त्या आयांवर उपचार झालेले नव्हते. आणि शंभरातली जवळपास नव्वद मुलं ठीक होती, तेही वाच.

उपचारांनी सगळं निभावतं असंही मी म्हणणार नाही. बाळंतपणातले धोके त्याने नक्की कमी होतात. पण ऑस्ट्रेलियात उपचार घेतलेल्या आयांची मुलं ४-५ वर्षांची झाल्यावर पाहिली, तेव्हा त्यांच्या आणि असे उपचार न मिळालेल्या आयांच्या मुलांच्या वजनात फरक दिसला नाही. म्हणून मला वाटतं, खरं काम बाळंतपणानंतरच्या वर्षांत आहे: अंगावर पाजणं, रोजचं मैदानात खेळणं, आणि घरात बिस्किटांचे पुडे न साठवणं, तेही सगळ्यांसाठी.

बाळ 'गुटगुटीत' नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण हातापायांनी बारीक असूनही त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आपल्याकडे नुसता वजनकाटा पुरत नाही.

आणि हे अगदी जीव तोडून सांगते: बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तुझी स्वतःची ग्लुकोजची तपासणी चुकवू नकोस. आपल्याकडे नेमकी ती सव्वा महिन्याच्या गडबडीत येते. माहेरून सासरी जायचं असतं, बारसं असतं, डिंकाचे लाडू चालू असतात आणि फाइल कपाटात जाते. माझी तशीच राहिली. तीन वर्षांनी केली तेव्हा शुगर सीमेवर होती. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमाराला असते, त्याच दिवशी तुझंही रक्त दे. पुढच्या गरोदरपणाआधी शुगर माहीत असणं ही त्या बाळासाठीही मोठी गोष्ट आहे.

बालरोगतज्ज्ञ बदलतात, गाव बदलतं, आणि हे विचारायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी मुलाच्या लसीकरण कार्डाच्या पहिल्या पानावर निळ्या पेनने लिहून ठेवलंय: 'आईला गरोदरपणात डायबेटीस होता.'