हाँगकाँगला दोन वर्षांसाठी जातोय, जेवणापुरती कँटोनीज शिकायला कुठलं ॲप चांगलं?

ॲपचं नंतर. "तिकडे इंग्लिश चालतं, शिकायचंच तर मँडरिन (चीनची राजभाषा) शीक" असं कोणी सांगितलं असेल तर आधी ते डोक्यातून काढा. आमच्या घरात हा वाद हाँगकाँगला आल्यापासून चालू आहे.

सासूबाई आल्या होत्या, त्यांचा चातुर्मास, कांदा-लसूण बंद. शाम शुई पोला एका छा छान थेंगमध्ये गेलो (तिथलं इराणी हॉटेलच समजा). नवऱ्याने ऐटीत "नो मीट" सांगितलं, वेटर काकांनी मान हलवली आणि टोफू आला, वर डुकराचा खिमा भुरभुरलेला. काकांच्या हिशेबात तेवढा खिमा चवीपुरता, त्याला कोण मीट म्हणतं! नवरा परत इंग्लिशमध्येच, फक्त आवाज चढवून, आणि सासूबाई खिडकीबाहेर बघतायत. मी म्हटलं, "म् कोय, सिक् चाय." बस्स. 'चाय' (च चोरातला) म्हणजे बौद्धांचं सोवळ्याचं जेवण, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. काकांनी प्लेट उचलली आणि लो होन चाय आणून दिलं, मश्रूम, कोबी, टोफूची भाजी. सासूबाईंनी भात परत मागून घेतला. पैसे नवऱ्याने दिले पण बिल आणा म्हणायला "माय तान" मलाच म्हणावं लागलं.

तर तुमच्यासाठी: कोणी चहा ओतला, ताट आणलं, वेटरला हाक मारायची, सगळ्याला "म् कोय" (प्लीज आणि थँक्यू, दोन्ही). कोणी जेवू घातलं तर मात्र "तो चे" (धन्यवाद), तिथे म् कोय चालत नाही. बर्फ नको तर "चाउ पिंग", साखर कमी "सिउ थिम". कोणाच्या घरी गेलात तर वडीलधाऱ्यांना "सिक् फान" (जेवा) म्हटल्याशिवाय घास घेऊ नका, पोरंसोरंही म्हणतात.

उच्चार इंग्रजी स्पेलिंगवरून करू नका, देवनागरीत लिहून घ्या. डिम सम म्हणतात ते खरं तिम सम आहे. त-थ, प-फ, क-ख हा फरक आपल्या कानाला फुकट मिळालाय, गोऱ्यांना तो शिकावा लागतो. सूर मात्र घोटावेच लागतील, वरच्या सुरातलं थोंग म्हणजे सूप आणि खालच्या सुरातलं थोंग म्हणजे साखर.

ॲप कुठलंही घ्या, ज्युतपिंग (कँटोनीज उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) आणि सुरांचे आकडे दाखवणारं असलं म्हणजे झालं. 'चायनीज' एवढंच लिहिलेलं घेऊ नका, ते मँडरिनच निघतं.

हां, सेंट्रल भागातल्या ऑफिसांत इंग्लिशवर भागतं हे खरं. आणि साध्या हॉटेलात चाय मागितलं तरी कढई तीच असते, कडक पाळत असाल तर बौद्ध शाकाहारी रेस्टॉरंट शोधा. मँडरिनही वाईट नाही हो, नोकरीसाठी जरूर शिका. आमच्याकडच्या मँडरिनवाल्यांनी अजून पुस्तक उघडलेलं नाही, ते सोडा.