गाडी पुसावी की टिपावी?

प्रश्न : माझी काळ्या रंगाची गाडी मी दर रविवारी बोअरच्या पाण्याने धुतो आणि जुन्या मऊ पंच्याने पुसतो. तरीही उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. न पुसता ठेवली, तर पांढरे ठिपके उमटतात. काय करावे?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : आपण पाहता ते ओरखडे खरे तर गोल नसतात. ते सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. रंगावरचा पारदर्शक थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा केसाहूनही पातळ असतो. आपल्याकडच्या तांबड्या धुळीचा एखादा कण धुतल्यानंतरही मागे राहिला आणि पंचा त्यावरून दाबून फिरला, की त्या थरावर रेघ उमटते. पंचा कितीही मऊ असला तरी त्यात रुतलेला कण मऊ होत नाही.

म्हणून गाडी पुसू नये, टिपावी. शेवटचे पाणी घालताना पाइपची तोटी काढून टाकावी आणि टपावरून संथ धार सोडावी; पाणी एकसंध पडद्यासारखे उतरते आणि बरेचसे थेंब आपल्याबरोबर घेऊन जाते. मग जाड, मोठा मायक्रोफायबर टॉवेल किंचित ओलसर करून टपावर अंथरावा, वरून हलक्या हाताने थोपटावा आणि उचलावा. टप, काचा, बॉनेट, दरवाजे या क्रमाने खाली यावे. दारांच्या खालच्या मळकट पट्ट्यासाठी वेगळे फडके ठेवावे. टॉवेल जमिनीवर पडला, तर तो धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. तो सुती कपड्यांत मिसळून धुऊ नये आणि कपडे मऊ करणारे द्रावण त्याला अजिबात घालू नये, कारण त्याने तंतूंची पाणी शोषण्याची शक्ती कमी होते. आरशांच्या आणि हँडलच्या फटींतले पाणी ब्लोअरने उडवावे.

पांढरे ठिपके हे बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. पाणी उडून जाते, क्षार तिथेच राहतात. त्यामुळे सावलीत, बॉनेट थंड असताना धुवावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी पुष्कळ लोक गाडीसाठी साठवतात, पण त्यात क्षार उलट जास्तच असतात. खानापूर भागात पाऊस भरपूर पडतो. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पहिल्या एक-दोन सरी सोडून धरले आणि गाळून घेतले, तर शेवटच्या बादलीसाठी त्याच्याइतके चांगले पाणी नाही. ताजे ठिपके पांढरा व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून हलकेच टिपावेत आणि ती जागा लगेच धुवावी.

आधी पडलेले ओरखडे मात्र टिपण्याने जाणार नाहीत. त्यांना पॉलिश लागते, आणि प्रत्येक पॉलिश त्या पातळ थराचाच थोडा भाग खरवडून काढते. म्हणून दरवर्षी पॉलिश करून घेण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही.