वाचकांचे प्रश्न : चकती दिसतच नाही, मग थरार कसला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं मुलाकडे कॅनडात कॅलगरीला निघालो आहोत. मुलगा तिथल्या बर्फावरच्या हॉकीचा भक्त झालाय. ‘बाबा, व्यावसायिक हॉकीसारखा थरार दुसऱ्या कुठल्याच खेळात नाही, त्यापुढं क्रिकेट म्हणजे दुपारची झोप,’ असं फोनवर ऐकवतो. त्यानं पाठवलेले दोन सामने मी बघितले. ती काळी चकती कुठं आहे तेच दिसेना, आणि दुसऱ्या सामन्यात तर मलाच झोप लागली. चूक माझी, मुलाची, का खेळाची? — एक वाचक, कराड

उत्तर : काका, आधी एक सांगून टाकते. मी सत्तावीस वर्षं एडमंटनला राहते, आणि एडमंटनच्या माणसाला कॅलगरीवाल्याच्या हॉकीप्रेमाबद्दल विचारू नये. तीनशे किलोमीटरवरची ही दोन गावं, पण आमच्या सांगली-मिरजेत जेवढी खुन्नस चालते तिच्या दसपट इथं चालते. २०२२ च्या मे महिन्यात दोघं प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, समोरासमोर आले. पहिला सामना कॅलगरीनं ९-६ असा घेतला आणि पुढचे चारही आम्ही. पाचव्यात ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, आमच्या कॉनर मॅकडेव्हिडनं गोल मारला. मुलाला एवढीच आठवण करून द्या, बाकी मी काही बोलत नाही.

आता चकतीचं. तिला इथं पक म्हणतात. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन १५६ ते १७० ग्रॅम. कडक रबर. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उड्या मारत नाही. जोरात हाणली की ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाते. ती तुम्हाला दिसली नाही यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीनं प्रेक्षकांची हीच तक्रार ऐकून पकमध्ये यंत्र बसवलं होतं, पडद्यावर पकभोवती निळी चमक दिसायची आणि फटका जोरात असला की मागं लाल शेपूट. इथल्या लोकांनी त्याची इतकी टर उडवली की काही वर्षांत ते बंद पडलं.

मला स्वतःला पक दिसायला दोन हिवाळे लागले. आणि दिसायला लागली ती मी तिला शोधणं सोडल्यावर. शाळेत असताना मी खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते. खो-खोत पळणाऱ्याच्या पायाकडं बघणारा फसतो, खांद्याकडं बघावं लागतं, कारण हूल पायांनी देता येते, खांद्यानं देणं अवघड. इथंही तसंच. पाचही गडी कुठं तोंड करून उभे आहेत ते बघा. सगळे एका कोपऱ्याकडं बघत असतील तर पक तिथंच आहे. आणि ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नाही, जो हळूच गोलच्या मागून पुढं सरकतोय, त्याच्यावर नजर ठेवा. चारात एकदा तरी गोल तोच मारतो. (हा आकडा माझ्या मनातला, कुठं छापू नका.)

दुसरी गोष्टही मला खो-खोमुळंच लवकर कळली. खो-खोत बचाव करणारे तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात, तसं इथं तीन आघाडीवाले आणि दोन बचाववाले अशी तुकडी बर्फावर उतरते. फरक एवढाच की खो-खोत तुकडी बाद झाल्यावर बदलते. इथं पाऊण मिनिट जीव तोडून पळाल्यावर गडी स्वतःच कठड्यावरून उडी मारून बाहेर येतात आणि ताजे गडी आत जातात. खेळ चालू असतानाच. पंच थांबवत नाही, शिट्टी नाही. बदलताना अर्धा सेकंद चुकला की समोरचा मोकळा सुटतो. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची. त्याच्या दीडपट वेळ, सुऱ्यासारख्या पात्यांवर, अंगावर कुणी येऊन आदळेल या तयारीत. म्हणूनच दमलेला माणूस मैदानात दिसत नाही. आणि प्रेक्षक मात्र दमतो.

थराराचं मूळ मला विचाराल तर इथं आहे. क्रिकेटमध्ये धाकधूक व्हायला वेळ मिळतो. गोलंदाज मागं चालत जातो, कप्तान स्लिप हलवतो, तुम्ही चहाचा घोट घेता, देवाचं नाव घेता. शेवटच्या षटकात सहा चेंडूंच्या मधे जे काही पोटात होतं तीच तर क्रिकेटची मजा. हॉकी तुम्हाला तयार होऊ देत नाही. डाव्या कोपऱ्यात तिघं कठड्याला धडका देत असतात, कंटाळवाणं चाललेलं असतं, आणि चार सेकंदांनी दुसऱ्या टोकाला गोल. काय झालं ते नंतर पुन्हा दाखवतात तेव्हा समजतं.

पण तुमच्या मुलानं तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही. ‘न थांबणारा खेळ’ म्हणतात, तो साठ मिनिटांचा खेळ संपायला अडीच तास लागतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, मधे दोन मोठ्या विश्रांत्या, शिवाय प्रत्येक भागात टीव्हीच्या जाहिरातींसाठी ठरवून थांबे. आणि नियमित हंगामात एकेका संघाचे ऐंशीच्या वर सामने! ऑक्टोबर ते एप्रिल. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी, बाहेर उणे तीस, आत दोन थकलेले संघ, परवाच विमानातून उतरलेले. अशा सामन्याला मी स्वतः पॉपकॉर्नची पिशवी मांडीवर ठेवून डुलक्या काढल्यात. तुम्हाला मुलानं पाठवलेले सामने त्यातलेच असणार. त्या दिवशी चांगला कबड्डीचा सामना याहून कितीतरी वरचढ.

मग मी का भाळले? १० मे २००६. तोपर्यंत हॉकी म्हणजे माझ्या लेकीच्या सरावाला पहाटे पावणेसहाला गाडी काढणं आणि परत येताना त्या बॅगेचा वास सहन करणं. (हा वास शब्दांत सांगता येत नाही. पावसाळ्यात आठवडाभर बंद राहिलेल्या खोलीतला ओला बूट आठवा.) प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडं एक तिकीट जास्तीचं निघालं. एडमंटन ऑइलर्स विरुद्ध सॅन होझे, प्लेऑफच्या मालिकेतला तिसरा सामना. सातपैकी चार जिंकायचे आणि पहिले दोन आम्ही हरलेले. माझी जागा सगळ्यात वर, छताला हात लागेल अशी.

साठ मिनिटं संपली तेव्हा २-२. प्लेऑफमध्ये बरोबरी चालत नाही, पेनल्टीनं निकाल लावणं नाही, सुपर ओव्हर नाही, चौकार मोजणं तर नाहीच. पुन्हा वीस मिनिटं, पूर्ण पाच विरुद्ध पाच, आणि पहिला गोल झाला की खेळ खलास. नाही झाला तर विश्रांती, बर्फ नव्यानं गुळगुळीत, आणि आणखी वीस मिनिटं. असं कितीही वेळा. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत खेळले होते, एकूण १७६ मिनिटं आणि वर तीस सेकंद.

त्या रात्री आमच्या रायन स्मिथच्या तोंडावर पक बसली. तीही आपल्याच ख्रिस प्रॉन्गरनं भिरकावलेली. दात पडले. त्याला आत नेलं. मला वाटलं, संपलं याचं. तो परत आला. पहिला ओव्हरटाइम गेला, दुसरा गेला. सोळा हजारांवर माणसं, आणि पक आमच्या गोलजवळ आली की कुणाचा आवाज नाही, फक्त पात्यांची खरखर आणि काठ्यांचा खटखटाट. माझ्या शेजारचा म्हातारा डोळे मिटून बसायचा आणि आवाजावरून ओळखायचा काय चाललंय. तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये त्याच दात पडलेल्या स्मिथनं पास दिला आणि शॉन हॉरकॉफनं गोल मारला. तो म्हातारा माझ्या गळ्यात पडून रडला. मीही रडले. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडल्यातच जमा होता आणि सकाळी सातला माझी ड्युटी होती. त्या दिवशी दोन नमुन्यांवर मी नाव चुकीचं लिहीत होते, वेळीच लक्षात आलं.

ती मालिका आम्ही जिंकलो, अंतिम फेरीतही गेलो आणि सातव्या सामन्यात कॅरोलायनाकडून हरलो. २०२४ मध्ये पुन्हा तेच. फ्लॉरिडाविरुद्ध ०-३ नं मागं, मग ओळीनं तीन जिंकले, आणि सातवा सामना २-१ नं गेला. मॅकडेव्हिडला सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस मिळालं, तो घ्यायला बाहेर आला नाही. मला ते आवडलं.

तर माझं मत असं : प्लेऑफच्या ओव्हरटाइमला तोड नाही. २०१९ च्या विश्वचषकाची लॉर्ड्सवरची सुपर ओव्हर मी बघितली आहे, तरीही हेच म्हणते, कारण तिथं शेवटी चौकार मोजून विजेता ठरवला. बाकी वर्षभराच्या हॉकीबद्दल मुलगा म्हणतो ते मला मान्य नाही. नेमकं तुम्ही जाताय तेव्हा प्लेऑफ सुरू असतील. कॅलगरी त्यात असेल की नाही ते मी बोलणार नाही म्हटलं ना.

तिकिटं मात्र खिसा फाडणारी असतात. पुन्हा कधी हिवाळ्यात गेलात तर मुलाला म्हणावं, कॅलगरी हिटमेनच्या सामन्याला ने. सोळा ते वीस वर्षांची पोरं खेळतात, तिकीट बरंच स्वस्त. डिसेंबरात त्यांचा एक सामना असा असतो की पहिला गोल झाला की प्रेक्षक बर्फावर कापडी अस्वलं फेकतात, हजारोंनी. ती नंतर गरजू मुलांना वाटतात. काकूंना ते नक्की आवडेल. आणि जागा अगदी खालची घ्या. कठड्यावर माणूस आदळतो तेव्हा काच तुमच्या तोंडापुढं थरथरते. फोनवर ते कुठलं दिसायला!

प्रश्न : माझा नातू टोरोंटोत बर्फावरची हॉकी शिकतोय. टीव्हीवर खेळाडू हातमोजे टाकून खुशाल मारामारी करतात आणि पंच बघत उभे राहतात. हा कसला खेळ? — एक आजी, मिरज

उत्तर : आजी, नातवाची काळजी करू नका, लहान मुलांच्या हॉकीत मारामारी केली की थेट बाहेर काढतात. मोठ्यांच्या लीगमध्ये पाच मिनिटांची शिक्षा होते आणि दोघं खाली पडले की पंच मधे पडतात. ऐंशीच्या दशकाच्या मानानं हे आता खूप कमी झालंय. लोक त्यालाही थरार म्हणतात. मी म्हणत नाही. मारामारीसाठीच संघात ठेवलेल्या काही खेळाडूंच्या मेंदूची अवस्था मरणानंतरच्या तपासणीत बाहेर आली, ते वाचल्यापासून मी त्या वेळी उठून चहा करायला जाते. गंमत म्हणजे २००६ चे आमचे प्रशिक्षक क्रेग मॅकटॅविश हे या लीगमध्ये हेल्मेटशिवाय खेळलेले शेवटचे खेळाडू, १९९७ पर्यंत. आज कुणी नातवाला तसं पाठवेल का? त्याचे दात जपायला तोंडातला गार्ड घालायला लावा, बाकी देव बघतो.

प्रश्न : हॉकी म्हणजे आमची हॉकी. धनराज पिल्लेंच्या खडकीत वाढलेल्या माणसानं तुमच्या बर्फाचं कौतुक का ऐकावं? — एक वाचक, खडकी

उत्तर : ऐकू नका. पेनल्टी कॉर्नरसारखी गोष्ट बर्फावर नाहीच. सगळे जागेवर, सगळ्यांना माहीत आहे काय होणार आहे, आणि तरी ते अडवता येईल का हे कुणालाच माहीत नाही. ५ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक. आमच्याकडं अजून चार तारखेची संध्याकाळ होती. जर्मनीविरुद्ध आपण १-३ नं मागं होतो ते ५-४ नं पुढं, आणि शेवटचे सहा-सात सेकंद उरलेले असताना जर्मनीला कॉर्नर. माझी लेक, जन्मभर बर्फावर गोलकीपिंग केलेली, ही हॉकी तिनं कधी पाच मिनिटंही बघितलेली नाही. ती जेवणाचं ताट हातात घेऊन उभीच राहिली. आपल्या गोलकीपर श्रीजेशनं अडवलं. मी ओरडत होते, शेजारचे दार वाजवायला आले. तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, “आई, परत दाखव. आणि तो एवढ्या जाड पॅडमध्ये इतका पटकन हलला कसा, ते मला सांग.”