रश्श्याची दुसरी वाटी

नाशिक, रविवार

प्रिय,

कथा वाचली. पंचवटीतल्या त्या मिसळीवर तू अर्धं पान खर्ची घातलं आहेस. काळा मसाला, तर्री, मटकी, बाजूला पापड आणि दही. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू! पण ती खाणारा तुझा नायक कोण, ते काही कळलं नाही. शिवाय नाशिककराला मिसळ सांगायला नकोच. रविवारी सकाळी तो स्वतःच नंबर लावून उभा असतो.

रस्सा पुन्हा घ्यायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. तुझा नायक तो मागतो का? पोऱ्याला नुसती वाटी दाखवतो, की 'दादा, जरा' म्हणतो? बिल दुसरा देणार असेल तर जिलबीही सांगतो का? यातलं एकच घे. सगळं घातलंस तर पुन्हा वर्णनच होईल.

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. जेवणाची सुट्टी ३० मिनिटांची, त्यातच नळावरची रांग. रिटायर झाल्यावर घरी कुणी हाकलत नव्हतं, तरी आईची दुसरी पोळी तव्यावर पडेपर्यंत यांचं ताट रिकामं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा अजून वरणभात कालवतोय आणि हे ताटावर आडवा हात धरून बसलेले. भोंगा सुटून ९ वर्षं झाली होती. मी नुसतं 'ते शिस्तीचे होते' असं लिहिलं असतं तर तुला काय दिसलं असतं?

उपवासाचंही बघ. भगर-आमटी, साबुदाणा वडा, 'एकादशी अन् दुप्पट खाशी', हे विनोद झिजलेत. मला कुतूहल आहे ते उपवास चुकून मोडल्यावर माणूस काय करतो याचं. लसणाची चटणी जिभेला लागली, कुणी पाहिलं नाही. थुंकतो, गिळतो, की मोडलाच आहे तर म्हणून आणखी एक घास घेतो?

तुझ्या कथेतली सासू सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तेवढ्यावर तू तिला सोशिक ठरवलं आहेस. मला शंका आहे. माझी एक आत्याही शेवटीच बसायची. पण तिची खरवसाची वडी आधीच फडताळात, पातेल्याखाली झाकून ठेवलेली असायची.

कथेचा खर्डा सोबत परत पाठवतोय. तर्री काढ, पोऱ्या राहू दे.

तुझा,
काका