आधी नंबर, मग फ्रान्स

पोरी,

तुझा फोन झाल्यावर झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर कोगनोळीला धरलेल्या पिस्तुलावर ‘मेड इन इटली’ आहे, इंटरपोलला कळवावं का, असं तू विचारलंस आणि ठाण्यातले हसले. म्हणे, "कोल्हापूरचं उत्तर यायला महिना लागतोय, तू कुठं फ्रान्सला निघालीस!" हसू देत. मीपण हसणाऱ्यांतलाच होतो.

नंबर लिहिलास का, ते आधी सांग. स्लाइडवरचा, फ्रेमवरचा, नळीवरचा, सगळे. खरवडला असेल तर ‘खरवडलेला’ असं लिही. बिहारातल्या मुंगेरचे चोरून पिस्तुलं बनवणारे कारागीर ‘इटली’ बिनधास्त ठोकतात, गिऱ्हाईक पटवायला. तेही दिसतंय तसंच उतरव, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी.

फ्रान्सच्या ल्योंमधलं इंटरपोलचं आयआर्म्स, म्हणजे बेकायदा हत्यारांची नोंदवही, काही देवऋषी नव्हे. त्याला कंपनी, मॉडेल, कॅलिबर आणि नंबर लागतो. ‘काळ्या रंगाचे पिस्तूल 1’ यावर ते काय बोलणार? तुझं पत्र दिल्लीत सीबीआयकडं जाणार, इंटरपोलच्या 196 देशांकडं जायचं आपलं दार तेच. जानेवारी 2025 पासून त्यासाठी सीबीआयचं भारतपोल पोर्टल आहे, कागद वाटेत लोळत नाही. पण तू लिहिलं नाहीस ते पोर्टल कुठून आणणार?

मी एकदा ‘गावठी पिस्तूल 1, जिवंत काडतुसे 4’ एवढंच लिहून पीएफ, म्हणजे जप्त मालाचा फॉर्म, भरला. काडतुसांची बुडं उलटून बघितली नाहीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल असता तर तिथं ‘केएफ’ दिसलं असतं. वर्षभरानं पलीकडच्या जिल्ह्यातला एक अधिकारी त्याच्या गुन्ह्यातली रिकामी पुंगळी आमच्या काडतुसांशी ताडायला घेऊन आला. आमचं लेबल गळालेलं, काडतुसं दुसऱ्या गुन्ह्यातल्यांत मिसळलेली. तो चहा पिऊन गेला, एक शब्द बोलला नाही. पीएफ भरला तेव्हा 1 नोव्हेंबरचा, राज्योत्सव आणि काळ्या दिनाचा, बंदोबस्त होता, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, लेखनिक रजेवर. हे सगळं खरं आहे, कोर्टातही सांगेन. तरी तो चहा अजून आठवतो.

लंडनच्या स्कॉटलंड यार्डचं उदाहरण मला देऊ नकोस. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी प्रकरणांतल्या गोळ्यांचा अहवाल तिथून मिळाला नाही, तसा करार नाही म्हणून अडलं, मान्य. तो वरच्यांचा घोळ. गोळ्या जपलेल्या होत्या म्हणून गुजरातच्या प्रयोगशाळेत तरी पाठवता आल्या. नंबर लिहायला कुठला करार लागतो गं?

आणि तू धरलेल्या त्या जिलेटिनच्या कांड्या, खाणीतली स्फोटकं. बॉम्बशोधक पथक त्या नष्ट करेल, कोर्टाच्या हुकमानं. मग हातात उरतं फक्त खोकं. त्यावरचा कारखाना, बॅच, तारीख यांचे फोटो आधी काढ, स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या नागपूरच्या पेसोला विचार. कुठल्या खाणीच्या नावावर माल उचलला ते बॅचवरून निघतं. खोकं फाडून खाली अंथरणारे हवालदार मी पाहिलेत.

पंचनामा तुझा कन्नडात, पलीकडचा मराठीत. आकडे मात्र इंग्रजीतच लिही, मोठे, सुटे. तुमचे सीपीआयसाहेब, सर्कल इन्स्पेक्टर, ‘एवढं कशाला’ म्हणतील. म्हणू देत.

उद्या सकाळी पिस्तुलाचे फोटो पाठव. डाव्या बाजूचाही. आणि लेबल दोऱ्यानं बांध, डिंकानं नको.