ओव्हनमधलं चिकन कोरडं का होतं? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सेलमध्ये ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन) घेतला, दोनदा केक केला आणि आता त्याच्यावर चहा-साखरेचे डबे ठेवलेत. गेल्या रविवारी हौसेने बेक चिकन केलं, बोनलेस ब्रेस्ट आणलं, दही-मसाला लावला, १८० वर ठेवलं, तर ट्रेमध्ये पाणीच पाणी आणि चिकन चिवट! नवरा म्हणाला हे तर उकडलंय. रविवारी रात्री फार राबायला लागू नये आणि पोटभर व्हावं असं काही सांगा ना. (हिंजवडी, पुणे)

उत्तर : अगं नवरा बरोबर बोलला, ते उकडलंच होतं! आधी डबे खाली उतरव, ओटीजीची वरची बाजू चांगलीच तापते, त्यावर काही ठेवायचं नसतं.

आता चिकन. ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नाहीच, जरा जास्त वेळ झाला की भुसा. आपल्याला सवय रश्श्याची, शिजलं नसेल तर अजून दहा मिनिटं उकळू दे म्हणायचं, रश्श्यात ते खपून जातं, ओव्हनमध्ये नाही खपत. म्हणून चिकनवाल्याला सांगायचं की मांडीसकट अख्खी तंगडी दे, चार नग, साधारण एक किलो होतं. जमलं तर स्किन ठेवायला सांग, तो आधी आश्चर्याने बघेल कारण आपल्याकडे सगळे स्किन काढूनच नेतात, पण तीच स्किन वरून कुरकुरीत होते आणि आतला ओलावा राखते. नाहीच मिळाली तर तेल जरा सढळ हाताने.

पाणी सुटलं त्याचं कारण पातळ दही आणि छोट्या ट्रेमध्ये केलेली दाटी. जोवर ते पाणी वाफ होऊन जात नाही तोवर वरून रंग येतच नाही. दही फडक्यात बांधून टांग, श्रीखंडाला करतो तसा चक्का, अर्धी वाटी पुरे. त्यात दोन मोठे चमचे आलं-लसूण, दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला, हळद, तीन चमचे तेल आणि एक चमचा भाजलेलं बेसन, त्याने मसाला चिकटून राहतो. मीठ किलोला दोन छोटे चमचे, पण तुमच्या मसाल्यात आधीच मीठ असेल तर हात आखडता घे. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा दे आणि मसाला चिरांत बोटाने भर. सकाळी लावून फ्रीजमध्ये ठेवलं तर रात्रीपर्यंत मीठ आतवर पोचतं, हे एवढं एकच काम मन लावून करायचं. लिंबू आत्ता नको, तासन् तास आंबटात राहिलं की मांस पिठूळ होतं, शेवटी पिळ.

ट्रेमध्ये खाली तीन बटाट्यांच्या बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या, दोन कांदे जाडसर, लसणाचा अख्खा गड्डा आडवा कापून, वर थोडं तेल-मीठ. त्यावर तंगड्या, एकमेकींना न चिकटता. ओटीजी २०० वर, वरचा आणि खालचा, दोन्ही तापणारे रॉड चालू, पंधरा मिनिटं आधीच तापवायचा (मी पहिल्यांदा थंड ओव्हनमध्ये ठेवून वर फॉइल लावलं आणि तासभर रंग कधी येतो बघत बसले होते, फॉइलखाली कुठला रंग येतोय!). मग ४५ ते ५० मिनिटं त्याला हातच लावायचा नाही, दर पाच मिनिटांनी दार उघडून बघितलं की आतली उष्णता बाहेर. साधारण पंचविसाव्या मिनिटाला मसाल्याचा वास स्वयंपाकघराबाहेर येतो, पस्तिसाव्याला तंगडीच्या टोकाचं मांस आकसून हाड दिसायला लागतं आणि खालचे बटाटे लाल तेलात चुरचुरत असतात. खरं सांगू, आमच्याकडे भांडण त्या बटाट्यांवरून होतं. बाहेर काढलं की दहा मिनिटं तसंच राहू दे, मग लिंबू, आणि सोबत पाव. ट्रेच्या तळाशी राहिलेलं तेल पावाने पुसून खायचं, तेव्हा कुणी कुणाकडे बघत नाही.

आणि बेक चिकन म्हणजे परक्यांचं असं समजू नकोस हं. रायगडात, अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात ती काय वेगळी? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ, पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं करून भोवती जाळ. सगळं आपापल्या अंगच्या वाफेवर होतं. ओटीजीत तो धुराचा वास येणार नाही, पण बटाट्याने चिकनचा रस प्यायचा ही युक्ती तीच.

प्रश्न : हाडाजवळ लालसर दिसतं, मुलं खातच नाहीत. कच्चं असतं का? (डोंबिवली)

उत्तर : दर वेळी नाही. ब्रॉयलर कोंबडी लहान वयाची असते, तिच्या हाडातला रंग शिजताना मांसात उतरतो. रंगावर जाऊ नका. शंभर टक्के खात्री हवी तर किचन थर्मामीटर घ्या, जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ डिग्री आलं की झालं. तंगडी त्याच्या पुढे ८०-८५ पर्यंत गेली तर उलट अजून मऊ लागते. आणि चिकन नळाखाली धुताना शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, त्याची भीती त्या लाल रंगापेक्षा जास्त धरा.

प्रश्न : आमच्याकडे कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे, चालेल? (नाशिक)

उत्तर : चालेल की, फक्त कन्व्हेक्शन मोडवरच, १९० ला, उंच जाळीवर ठेवून. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर तंगडी शिजेल पण फिकटच राहील, आणि त्या मोडवर धातूचा ट्रे अजिबात नको.

प्रश्न : दोघंच आहोत, उरलेल्याचं काय करायचं? (सांगली)

उत्तर : रात्रीच हाडावरून सोडवून फ्रीजमध्ये टाका, सकाळी तव्यावर कच्च्या कांद्याबरोबर परतून पोळीत गुंडाळलं की डबा तयार. हाडं फेकू नका, दोन शिट्ट्या काढून त्या पाण्यात संध्याकाळचा पांढरा रस्सा करा.