शाळेच्या वार्षिकांकात फोटोखालच्या ओळी कशा लिहायच्या?

फोटोत जे दिसतंच आहे ते परत लिहू नका. कोण, कुठे, कधी आणि त्या क्षणाच्या आधी किंवा नंतर काय झालं, ते पंधरा-वीस शब्दांत लिहा. ‘विद्यार्थी सहलीचा आनंद लुटताना’ ही ओळ कुठल्याही फोटोखाली चालते, म्हणूनच ती वाया जाते. त्याऐवजी: ‘राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेला नाक लावून सहावी अ, मागे बाईंची शिरगणती सुरू.’

खऱ्या चुका नावांत होतात.

- ग्रुप फोटोत ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ असं लिहा. डावी बाजू बघणाऱ्याची. डोकी आणि नावं मोजून जुळवा.
- नावं फोटो काढला त्याच दिवशी टिपा, मराठी हजेरीपटावरून. इंग्रजी यादीत ‘ळ’ नसतो, म्हणून काळेचा काले होतो.
- प्रेसमध्ये युनिकोड (मोबाइल-संगणकावर आपण नेहमी टाइप करतो तो) मजकूर छपाईच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरं तुटतात. शेवटचं प्रूफ कागदावर वाचा.

वर्गाच्या ग्रुप फोटोला मात्र गोष्ट लागत नाही. तिथे इयत्ता, तुकडी, वर्ष आणि नावं पुरेत. आणि टोपणनाव? त्या मुलाला विचारूनच.